‘ऑपरेटरला सूचना दिल्या’

आमच्या फाउंड्रीत वितळलेला धातू साच्यात ओतून सुटे भाग करतात. ग्राहकाकडून असा ओतीव भाग, म्हणजे कास्टिंग, परत आलं की एक फॉर्म भरावा लागतो. दोष कोणता, मूळ कारण कोणतं, उपाय काय केला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मागच्या तीन वर्षांचे हे फॉर्म घेऊन मी बसले, तर उपायाच्या रकान्यात पानामागून पान एकच वाक्य : ‘ऑपरेटरला सूचना दिल्या.’ कुठे ‘समज दिली’, कुठे ‘प्रशिक्षण दिले’. सह्या वेगवेगळ्या मॅनेजरांच्या, वाक्य तेच. आणि तपासणाऱ्याच्या जागी बहुतेक ठिकाणी माझी सही. क्वालिटी विभागात मी तेव्हा चौदा वर्षं काढली होती. एवढ्या सूचना देऊनही तोच दोष पुढच्या पावसाळ्यात परत कसा येतो, हे मी त्या चौदा वर्षांत एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.

ती फाइल उघडायची वेळ आली पुरामुळे. आमचा कारखाना कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत, म्हणजे पंचगंगेच्या पलीकडे. कामगार निम्मे शहरातले, निम्मे आजूबाजूच्या गावांतले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि माणसं अलीकडे, भट्टी पलीकडे असं होऊन बसलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. आमच्या शेडमध्ये दोन्ही वेळा पाणी शिरलं नाही, पण नुकसान व्हायचं ते झालं. गळक्या पत्र्याखाली ठेवलेल्या बेंटोनाइटच्या, म्हणजे साच्याची वाळू बांधून ठेवणाऱ्या मातीच्या, गोण्या भिजल्या, जनरेटरला डिझेल कमी पडलं, कोणत्या ग्राहकाला आधी फोन करायचा यावर दोन विभाग भांडत राहिले.

पाणी ओसरल्यावर मालकांनी नऊही विभागप्रमुखांना बोलावलं. धाकटे मालक म्हणतो आम्ही त्यांना. त्यांनी एकच विचारलं, “दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. तेव्हा आपण काय शिकलो, ते कुठं लिहिलंय?”

कुठेच नव्हतं. थोड्या वेळाने स्टोअरचा क्लार्क एक वही घेऊन आला. २०१९ ला त्याने स्वतःच्या मनाने अकरा ओळी लिहून ठेवल्या होत्या. त्यात बेंटोनाइट वरच्या रॅकवर घ्यावं, डिझेल आधीच भरून ठेवावं, हे दोन्ही होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि सांगणं हे आपलं काम आहे असं त्यालाही वाटलं नव्हतं. मालक ती वही बराच वेळ हातात धरून बसले. मग मला म्हणाले, “आपली माणसं शिकत्यात मॅडम, कंपनी शिकत नाही. मॅनेजर लोकांना हे शिकवायला पाहिजे. बघा काय करता येतं.”

मी आधी सगळे करतात तेच केलं. बाहेरून प्रशिक्षक बोलावले आणि हायवेवरच्या एका हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर घेतलं. प्रशिक्षक अभ्यासू होते. पीटर सेंगे यांनी १९९० मध्ये ‘शिकणारी संस्था’ ही कल्पना उद्योगजगतात कशी रुजवली, त्यांनी सांगितलेल्या पाच साधना कोणत्या, हे त्यांनी मन लावून समजावलं : स्वतःवरचं प्रभुत्व, मनात घट्ट बसलेल्या समजुती तपासणं, सगळ्यांचं मिळून एक स्वप्न, गटानं शिकणं, आणि या चारींना बांधणारी पाचवी, म्हणजे सगळी व्यवस्था एकत्र बघण्याची सवय. आमचे मॅनेजर माना डोलावत होते आणि ते ढोंग नव्हतं, त्यांना पटत होतं. पण सोमवारी सकाळी सातला मागच्या रात्रीचं रिजेक्शन टेबलावर येतं. साडेआठला ग्राहकाचा फोन, चारला गाडी भरायची. त्या दिवसात ‘मनातल्या समजुती तपासणं’ कुठे बसवायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. सहा आठवड्यांनी नवे फॉर्म पाहिले. ‘ऑपरेटरला सूचना दिल्या.’

त्या हिवाळ्यात मी वाचत सुटले. मला धरून ठेवलं ते रेग रेव्हान्स या इंग्रज माणसानं. हा केंब्रिजला पदार्थविज्ञान शिकलेला माणूस पुढे ब्रिटनच्या कोळसा मंडळात शिक्षणाचं काम बघत होता. खाणीच्या मॅनेजरांना वर्गात बसवून तज्ज्ञांची भाषणं ऐकवण्यापेक्षा त्यांना एकमेकांच्या खाणीतल्या खऱ्या अडचणींवर बोलू द्यावं, असं त्याचं म्हणणं. त्याचं सूत्र सरळ आहे : शिकणं म्हणजे आधीपासून असलेलं ज्ञान आणि त्याच्या जोडीला प्रश्न विचारणं. खाण आणि फाउंड्री यांत धूळ, उष्णता आणि जुन्याजाणत्यांचा दरारा सारखाच. मला वाटलं, हे आमच्याकडे चालेल.

आणखी एक कारण होतं. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोल्डर होते, म्हणजे वाळूचे साचे करायचे. कुपोला भट्टीचा काळ. कास्टिंगच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा कोअर ठेवतात. त्यांचे मिस्त्री त्या कोअरच्या वाळूत काकवी मिसळायचे, पण किती मिसळायची ते कुणाला दिसू द्यायचे नाहीत. मिश्रण करायच्या वेळी पोरांना चहा आणायला पिटाळायचे. बाबा हे सांगताना चिडायचे नाहीत, उलट त्यांच्या बोलण्यात आदरच असायचा. “वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो,” म्हणायचे. कोल्हापुरात हे वाक्य तालमीत ऐकू येतं, वर्कशॉपमध्ये ऐकू येतं. मिस्त्री गेले आणि ते प्रमाण त्यांच्याबरोबर गेलं. बाबांनी पुढची दोन वर्षं अंदाजाने कोअर केले.

जानेवारी २०२२ मध्ये आम्ही दोन गट केले. नऊ विभागप्रमुख, शिवाय तीन सुपरवायझर, म्हणजे सहा-सहाचे गट. दर पंधरा दिवसांनी गुरुवारी दुपारी अडीच तास. एकाने आपली खरी, न सुटलेली अडचण मांडायची. बाकीच्या पाचांनी सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. शेवटी त्या माणसाने पुढच्या बैठकीपर्यंत काय करून बघणार ते सांगायचं, आणि पुढची बैठक तिथूनच सुरू व्हायची.

कागदावर सोपं दिसणारं हे काम बारा अनुभवी माणसांना किती जड गेलं ते लिहायलाच हवं. पहिले दोन महिने प्रश्न म्हणून जे येत होतं ते असं : “तुम्ही ओव्हनचं तापमान बघितलं नाही का?” “सँड प्लांटवाल्यांना सांगायचं नाही का आधी?” शेवटी प्रश्नचिन्ह असलं तरी हे आरोप होते, नाहीतर प्रश्नात गुंडाळलेले सल्ले. समोरचा लगेच बचावाला उतरायचा आणि अडचण तिथेच राहायची. आम्ही मग फळ्यावर काही प्रश्न लिहून ठेवले. हे तुम्हाला कसं कळलं? मागच्या वेळी नीट झालं तेव्हा काय वेगळं होतं? हे आणखी कुणाला माहीत असेल? या तिसऱ्या प्रश्नाने पुढे फार मोठं काम केलं.

मोल्डिंगचे मॅनेजर बावीस वर्षांचे जुने. वाळूचा ढीग लांबून बघून ओलावा सांगणारा माणूस. तिसऱ्या बैठकीत ते अर्धा तास गप्प राहिले आणि मग एकदम म्हणाले, “मॅडम, उत्तर माझ्याजवळ हाय. ते मी द्यायचं न्हाई म्हणताय. मग मॅनेजर म्हणून माझं काम काय?”

त्या दिवशी माझ्याकडे याचं नीट उत्तर नव्हतं. पण संपूर्ण प्रशिक्षण या प्रश्नाभोवतीच होतं, हे आता कळतं. आमच्याकडे माणूस मॅनेजर होतो तो उत्तरं देत देत. लाइन थांबली की धावत जाऊन सोडवणारा मोठा होतो. त्याच्या हाताखालचा माणूस दर वेळी त्याच्याकडे बघायला शिकतो, आणि अडचण सोडवायला शिकत नाही. मॅनेजर रजेवर गेला की शॉप आंधळं. आम्ही याला मॅनेजरची किंमत समजत आलो होतो.

मार्चमध्ये माझ्या हातून मोठी चूक झाली.

मेल्टिंगच्या मॅनेजरांनी गटात सांगितलं की एका रात्री धातूचं तापमान मोजणाऱ्या पायरोमीटरच्या टिपा संपल्या होत्या, स्टोअर बंद होतं, सकाळी गाडी जायची होती. त्यांनी सुपरवायझरला फोनवर सांगितलं, नजरेनं रंग बघून ओत. धातू थंड पडलेला होता आणि त्या हीटच्या, म्हणजे त्या वेळी वितळवलेल्या धातूच्या, काही कास्टिंगमध्ये कोल्ड शट आले, धातू नीट सांधला न जाता भेगा राहिल्या. हे त्यांनी आपणहून सांगितलं, पहिल्यांदाच कुणीतरी असं काही सांगत होतं. मी सवयीप्रमाणे बैठकीचा वृत्तांत टाइप केला आणि नेहमीच्या यादीला मेल केला. त्या यादीत प्रशासन विभागही होता. तिसऱ्या दिवशी रात्रपाळीच्या सुपरवायझरच्या हातात कारणे दाखवा नोटीस : ‘तापमान न घेता ओतकाम केल्याबद्दल.’

फोन करणारा मॅनेजर सुटला, फोन ऐकणाऱ्याला नोटीस. पुढच्या बैठकीत एकाने अडचण मांडली की स्टेशनरी उशिरा मिळते. दुसऱ्याने कँटीनच्या चहाबद्दल सांगितलं. मी समजायचं ते समजले.

मेल्टिंगचे मॅनेजर स्वतः मालकांकडे गेले, फोन मी केला होता असं लिहून दिलं, आणि नोटीस मागे घेतली गेली. मी सुपरवायझरची माफी मागितली, नंतर दोन्ही गटांसमोर उभी राहून काय घडलं आणि त्यात माझी चूक कोणती ते सांगितलं. तेव्हापासून वृत्तांत बंद. प्रत्येकाची आपली वही, जो तो आपल्यापुरतं लिहील. एकच गोष्ट आम्ही सुरुवातीलाच पक्की केली : माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा सदोष माल ग्राहकाकडे गेला असेल तर ते झाकायचं नाही, त्याच दिवशी पुढे न्यायचं. त्या हीटचा उरलेला माल आम्ही बाजूला काढून तपासलाच. चूक सांगणाऱ्याला शिक्षा करायची नाही, याचा अर्थ चूक लपवायची असा होऊ नये, यावर गटात जवळजवळ एक अख्खी बैठक गेली. ती वाया गेली असं मला वाटत नाही.

आणि टिपा का संपल्या? स्टोअर सहाला बंद होतं, रात्री सामान हवं असेल तर मॅनेजरची सही लागते, मॅनेजर घरी. हा नियम कुणी आणि कधी केला ते कुणालाच आठवेना. आता मेल्टिंगच्या केबिनमध्ये टिपांचा वेगळा डबा असतो. अर्ध्या तासाचं काम होतं. नोटीस टाइप करायला बहुधा त्याहून जास्त वेळ लागला असेल.

गटांवरचा विश्वास परत यायला जून उजाडला. मग वेगळीच काळजी सुरू झाली. शॉपवरून कळवल्या जाणाऱ्या चुका वाढल्या. मोल्ड फुटला, कोअर सरकला, धातू ओतायची लॅडल ओली होती, सगळं रजिस्टरमध्ये येऊ लागलं. मालकांनी मला बोलावून विचारलं, “प्रशिक्षणानं चुका वाढल्या का ओ?” मी त्यांना एमी एडमंडसन या संशोधक बाईंचं रुग्णालयातलं काम सांगितलं. नव्वदच्या दशकात औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करताना त्यांना दिसलं की चांगल्या गटांमध्ये चुकांची नोंद कमी नाही, जास्त आहे. ते गट जास्त चुकत नव्हते, चुकलेलं मोकळेपणाने बोलत होते. मालक म्हणाले, “ठीक हाय, दिवाळीपर्यंत बघू.” त्यांनी ते खरोखर बघितलं. मधल्या काळात नोंदींच्या संख्येवरून एकालाही बोलले नाहीत. हे त्यांनी केलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आता पावसाळ्यातल्या ब्लो होलची गोष्ट.

आमच्या एका मोठ्या हाउसिंगमध्ये दरवर्षी आषाढात ब्लो होल यायचे. ओतताना वायू अडकला की कास्टिंगमध्ये ही पोकळी राहते. वाळूत ओलावा जास्त, कोअर दमट, हवा जायला वाट कमी, लॅडल ओली, कारणं बरीच असू शकतात. आमच्याकडचं ठरलेलं कारण होतं ‘पाऊस’. कोअर शॉप मोल्डिंगकडे बोट दाखवायचं, मोल्डिंग सँड प्लांटकडे, सँड प्लांट आकाशाकडे.

ऑगस्ट २०२२ मध्ये मोल्डिंगच्या मॅनेजरांनी हीच अडचण गटात आणली. मागच्या चार वर्षांचे आकडे फळ्यावर लिहिले. २०१९ ला भरपूर रिजेक्शन. २०२० चं सोडून दिलं, लॉकडाऊननंतर उत्पादनच कमी. २०२२ ला पुन्हा भरपूर. आणि २०२१ ला पूर येईपर्यंत, म्हणजे भर आषाढात, जवळजवळ नाहीच. खरेदी विभागाच्या मॅनेजरना वाळूतलं काही कळत नाही. त्यांनी फळ्यावरचा प्रश्न जसाच्या तसा विचारला : “तेव्हा काय वेगळं होतं?” पाऊस तर तेव्हाही कोसळत होता. बेंटोनाइट तेच, मशीन तीच. अर्धा तास गेला. मग कोअर शॉपचा सुपरवायझर हळूच म्हणाला, “त्या वर्षी पायी वारी नव्हती. आप्पा कामावर होते.”

आप्पा म्हणजे आमचे सगळ्यात जुने मोल्डर. दरवर्षी पंधरा दिवस रजा टाकून पंढरपूरला चालत जातात. २०२० आणि २०२१ ला करोनामुळे पायी वारी झाली नाही. दरवर्षी आषाढात पाऊस यायचा आणि त्याच आषाढात आप्पा जायचे. आम्ही फक्त पाऊस मोजत आलो होतो.

मॅनेजर दुसऱ्या दिवशी आप्पांकडे गेले. केबिनमध्ये बोलावलं नाही, मोल्डिंग लाइनवर जाऊन शेजारी उभे राहिले. आप्पांनी सांगायला वेळ लावला, पण सांगितलं. दुसऱ्या दिवसाला लागणारे कोअर संध्याकाळी करून शटरजवळच्या रॅकवर ठेवतात. रात्रभर तिथे पावसाची हवा लागते, कोअर दमट होतात. आप्पा सकाळी लवकर येऊन त्या रॅकवरचे कोअर मागे, ओव्हनच्या बाजूला सरकवायचे आणि आतल्या रॅकवरचे आधी वापरायला काढायचे. कुणाला न सांगता. किती वर्षं? “असतील धा-बारा.”

“आप्पा, कधी बोलला का न्हाई?”

“कुणी इचारलं न्हाई साहेब.” आणि मग थोड्या वेळाने, “आन् सांगितलं असतं तर म्हणाला असता, इतकी वर्षं का न्हाई सांगितलं. नोटीस आली असती.”

हे मॅनेजरांनी गटात सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. त्यांनी आपली वही काढली आणि वाचलं, “माझ्या शॉपमधला माणूस बारा वर्षं माझ्यापासून लपवून माझं काम नीट करत होता. मी कसा वागत असेन?” मी आजवर ऐकलेला सगळ्यात प्रामाणिक प्रश्न तो. त्याला गटात कुणी उत्तर दिलं नाही, देण्याची गरजही नव्हती.

कोअर दुसऱ्या रॅकवर हलवून आम्ही थांबलो असतो तर ते पुन्हा ‘सूचना दिल्या’सारखंच झालं असतं. संस्था कशा शिकतात याचे अभ्यासक क्रिस आर्जिरिस यांनी शिकण्याचे दोन प्रकार सांगितलेत. एक, ठरलेल्या नियमात राहून चूक दुरुस्त करणं. दुसरा, तो नियमच का आहे हे विचारणं. आम्ही विचारलं : आदल्या दिवशी एवढे कोअर करतोच कशाला? कळलं ते असं. खूप वर्षांपूर्वी एकदा कोअर कमी पडून लाइन थांबली, मोठं भांडण झालं, आणि तेव्हापासून पूर्ण पाळीचा साठा आधी करायचा हा रिवाज पडला. वर कोअर शॉपचं काम मोजलं जायचं ते नगांवर. जेवढे जास्त कोअर तेवढं नाव चांगलं, मग ते कुठे का ठेवलेले असोत. मोल्डिंगचं मोजमाप मोल्डवर. आणि नासलेलं कास्टिंग मोजायचं ते फक्त क्वालिटीने, म्हणजे मी. प्रत्येक विभाग आपापल्या आकड्यात पास होता आणि कारखाना नापास. दोन्ही शॉपचा आकडा एकच करायचा, फक्त चांगलं कास्टिंग मोजायचं, हे ठरवायला चार महिने गेले, कारण बोनस त्याला बांधलेला होता. त्या वाटाघाटी कंटाळवाण्या होत्या, त्या इथे लिहीत नाही.

आप्पांच्या हातात आणखी बरंच होतं. ते सगळ्यांच्या हातात कसं यावं यासाठी आम्ही एक जुनी पद्धत घेतली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कसबी माणसं सैन्यात गेली, कारखान्यांत नवी माणसं आली आणि त्यांना लवकर तयार करणं भाग पडलं. तेव्हा कामाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याची कळीची गोष्ट आणि तिचं कारण लिहून शिकवायची रीत बसवली गेली. कामगाराला आलं नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही, हे तिचं ब्रीद. आप्पांच्या पुढ्यात मी फॉर्म घेऊन बसले. तीन दिवस काही निघेना. “हाताला कळतंय ओ ताई, तोंडानं कसं सांगू?”

चौथ्या दिवशी मोल्डिंगच्या मॅनेजरांनी बाह्या वर केल्या आणि म्हणाले, “आप्पा, मला शिकवा.” बावीस वर्षांचा मॅनेजर वाळूत हात घालून उभा, आप्पा शेजारी. मग आपोआप सुटायला लागलं. “आसं न्हाई साहेब. मूठ दाबायची, पिळायची न्हाई. आता मोडा. कड बघा, सरळ तुटली का? भुगा झाला तर कोरडी. तळहाताला चिकटली तर वली.” आणि मग जे कुठल्याच कागदावर नव्हतं ते : “गरम वाळूवर इश्वास न्हाई ठेवायचा. मिक्सरातनं निघताना बरी लागती, मोल्डपर्यंत जाईस्तोवर वाळती.” आमच्या प्रयोगशाळेत ओलाव्याचा नमुना मिक्सरजवळच घेतला जायचा. मी तो इतकी वर्षं तिथेच घेत आले होते. त्या दिवशी मी नमुन्याची जागा बदलली.

आप्पा तरुणपणी मंगळवार पेठेत तालमीत जायचे. मला म्हणाले, “तालमीची माती आन् आपली वाळू सारखीच. रोज उकरली न्हाई तर दगड हुती.” मी बाबांचं ते डाव राखण्याचं वाक्य त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, “वस्ताद डाव राखतोय ते पोरांवर राग म्हणून न्हवं. सगळं देऊन टाकलं आन् उद्या पोरानं इचारलं, तुमची काय गरज, तर?” हे मी मालकांना जसंच्या तसं सांगितलं. पुढच्या महिन्यात आप्पांचं पद बदललं, प्रशिक्षक म्हणून, आणि पगारात फरक पडला. लोकांनी आपलं ज्ञान वाटावं अशी भाषणं मी बरीच ऐकली आहेत. ज्याच्याकडे तेवढंच आहे त्याला ते वाटल्यावर काय उरणार, याची सोय करणं मॅनेजरचं आणि मालकाचं काम आहे. ते आधी करावं, मग ज्ञान मागावं, असं माझं ठाम मत झालंय.

नंतर आम्ही पाळी संपताना पंधरा मिनिटं थांबायला लागलो. अमेरिकन लष्करात सरावानंतर चार प्रश्न विचारतात : काय व्हायला हवं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करायचं. तेच मराठीत लिहून लाइनच्या फळ्यावर लावलं. मॅनेजरने शेवटी बोलायचं, हा एवढा एक नियम आमचा. तो मोडला की बाकी सगळे गप्प होतात, हे आम्ही दोन-तीनदा बघितलं. जेवढी पोरं कमी शिकलेली तेवढी या चार प्रश्नांवर ती चांगली बोलतात. रात्रपाळीत मात्र हे अजून जमलेलं नाही. पहाटे कुणाला थांबायचं नसतं, आणि त्यांचं खरं आहे. विक्री विभाग दोन वर्षं बोलावूनही गटात आलेला नाही. तोवर घाईच्या ऑर्डरी आमच्यावर येऊन आदळत राहणार.

स्टोअरच्या वहीतल्या अकरा ओळींच्या आता बऱ्याच जास्त ओळी झाल्यात आणि ती यादी गेटवर लावलेली असते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना, म्हणजे इशारा पातळीला आलं की पहिला भाग सुरू, ४३ फुटांना, म्हणजे धोका पातळीला दुसरा. २०२४ च्या जुलैत नदीने धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा बेंटोनाइट आदल्या दिवशीच वर गेलेलं होतं, डिझेल भरलेलं होतं, आणि नदीपलीकडून येणाऱ्या कोणत्या कामगारांनी थांबायचं, त्यांच्या जेवणाची सोय कुठे, हे ठरलेलं होतं. मॅनेजर कुणीच धावपळ करत नव्हते. पाणी उतरल्यावर त्याच क्लार्कने बैठक घेतली आणि यादीत दोन ओळी घातल्या, एक खोडली.

परवाच्या वारीत आप्पा नेहमीप्रमाणे गेले. चौथ्या दिवशी सकाळी मी मोल्डिंगवर होते तेव्हा त्यांचा फोन त्यांच्या हाताखालच्या पोराला आला. पोराने स्पीकर लावला. मागे टाळ वाजत होते.

“पाऊस हाय का रं तिकडं?”

“लई हाय आप्पा.”

“कोअर कुठं ठेवल्यात?”

“आत. आन् आप्पा, काल मी वाळू मोल्डजवळ बघितली, मिक्सरपाशी न्हाई. गरम लागली म्हणून लाइन थांबवली धा मिनटं.”

“साहेब काय म्हणालं?”

पोराने मॅनेजरांकडे बघितलं. ते दोन पावलांवर उभे होते, हातात वाळूचा गोळा घेऊन. “काय न्हाई,” पोरगा म्हणाला, “का थांबवली म्हणून इचारलं. मी सांगितलं.”

“बरं,” आप्पा म्हणाले, आणि फोन ठेवला.